मागं रेल की पुढं झुक: सोलंगच्या उतारावर साताऱ्याची सात मुलं

माझी नऊ वर्षांची मुलगी स्कीच्या पहिल्या धड्यात दोन तासांत चौदा वेळा पडली. त्यातली निदान दहा पडणी माझ्यामुळे झाली. हा आकडा अंदाजाचा नाही. त्या संध्याकाळी मनालीच्या खोलीत बसून मोबाइलवरचं चित्रण पुन्हा पुन्हा लावून तो मी मोजला. मुलांना घरी शिकवणाऱ्या इतर पालकांना उपयोगी पडेल असं काही त्या चित्रणात सापडलं, म्हणून हे सगळं सविस्तर लिहिते आहे.

आम्ही चार कुटुंबं. दोन सातारा शहरातली, एक करंज्याचं, एक कोरेगावचं. आमची मुलं शाळेत जात नाहीत, घरी शिकतात. आठवड्यातले दोन दिवस सगळी एकत्र जमतात. कधी आमच्या गच्चीवर, कधी कोरेगावच्या शेतात. साताऱ्यात अजूनही पहिला प्रश्न 'मग दहावीचं काय?' हाच येतो. चौदा पूर्ण झाली की राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून, म्हणजे एनआयओएसमधून, दहावीला बसता येतं, हे उत्तर आता आमच्या मुलांनाही पाठ झालं आहे.

स्कीचं खूळ कोरेगावच्या बारा वर्षांच्या मुलानं आणलं. २०२२ च्या बीजिंग हिवाळी ऑलिंपिकमध्ये भारताकडून आरिफ खान हा एकच खेळाडू उतरला होता, हे त्याच्या वाचनात आलं. "एवढ्या मोठ्या देशातून एकटाच?" हा प्रश्न त्याला सोडेना. मग आंचल ठाकूर सापडली. मनालीजवळची मुलगी, २०१८ मध्ये तुर्कस्तानातल्या स्पर्धेत कांस्यपदक मिळवणारी. नकाशे निघाले, बर्फ कुठं पडतो आणि का पडतो हे निघालं. दिवाळीपर्यंत सातही मुलांना बर्फावर उभं राहायचं होतं.

ठिकाण ठरवताना उत्तराखंडातलं, जोशीमठजवळचं औली माझ्या मनात होतं. पण जानेवारी २०२३ मध्ये जोशीमठात जमीन खचली, घरांना तडे गेले, आणि त्या बाजूला लहान मुलांना न्यायला माझं मन तयार होईना. गुलमर्ग आमच्या खर्चात बसत नव्हतं. राहिलं सोलंग. मनालीपासून तेरा-चौदा किलोमीटर, उंची सुमारे अडीच हजार मीटर. मनालीत १९६१ पासून पर्वतारोहणाची सरकारी संस्था आहे आणि तिथं स्कीही शिकवतात, पण ते अभ्यासक्रम बरेच दिवसांचे आणि मोठ्यांसाठीचे. आम्हाला हवे होते रोज दोन तासांचे तीन धडे. ओळखीच्या एका ट्रेकरकडून सोलंगजवळच्या गावातल्या दोन प्रशिक्षकांचा पत्ता लागला. थोरले पन्नाशीचे, धाकटा पंचविशीचा. फेब्रुवारीचा दुसरा आठवडा धरला, कारण जानेवारीचा भरवसा राहिलेला नाही. २०२४ च्या जानेवारीत तर गुलमर्गचे उतारसुद्धा बर्फाविना उघडे पडले होते. धडे मंगळवार ते गुरुवार ठेवले. शनिवार-रविवारी दिल्ली-चंदीगडची गर्दी लोटते. शाळेची सुट्टी बघावी न लागणं, हा आमच्या मुलांचा एक मोठा फायदा इथं कामी आला.

घरची तयारी

साताऱ्यात बर्फ नाही, पण उतारांची वाण नाही. डिसेंबर-जानेवारीत आम्ही आठवड्यातून तीनदा मुलांना चार भिंती, अजिंक्यतारा आणि यवतेश्वर या जवळच्या डोंगरांच्या बाजूला नेत होतो. चढायचं, उतरायचं. वाळलेल्या गवतावरून पुठ्ठ्यावर बसून घसरायचं. भिंतीला पाठ लावून खुर्चीसारखं बसून राहायचं, म्हणजे मांड्या तयार होतात. ही तयारी दमासाठी आणि पायांसाठी चांगलीच होती. सातापैकी एकही मूल सोलंगला थकून बसलं नाही.

पण त्याच तयारीतून आम्ही एक गोष्ट पक्की करून घेत होतो आणि ते आमच्या लक्षात नव्हतं. आपल्याकडचा घसारा ज्यानं उतरला आहे त्याला हे सांगावं लागणार नाही. मुरमावर बूट सरकला की अंग डोंगराकडे न्यायचं. मागं रेलायचं, हात टेकायचा, अगदीच भीती वाटली तर सरळ बसायचं. मला हे माझ्या वडिलांनी अजिंक्यताऱ्यावर शिकवलं आणि मी माझ्या मुलीला ती चार वर्षांची असल्यापासून शिकवत आले. "मागं रेल!" हे दोन शब्द तिच्या कानात इतके मुरले आहेत की ऐकताच तिचं अंग आपोआप मागं जातं. आमच्या डोंगरावर त्या दोन शब्दांनी तिला किती वेळा वाचवलं असेल.

दिल्लीपर्यंत गोवा एक्स्प्रेस, पुढं रात्रभराची बस. मनालीत एक पूर्ण दिवस काहीही न करता काढला. साताऱ्याची उंची साडेसातशे मीटरच्या आत, तिथून एकदम अडीच हजारावर जाऊन मुलांना लगेच पळवायचं नव्हतं. त्या दिवशी ती फक्त खिडकीतून बर्फ बघत होती, आणि सहा वर्षांच्या मुलानं दर अर्ध्या तासाला बाहेर जाऊन बर्फ 'अजून आहे ना' हे तपासलं.

पहिली सकाळ

सोलंगच्या रस्त्यावर नंबर घातलेली दुकानं आहेत, तिथं बर्फातले जाड कपडे भाड्यानं मिळतात. कपडे तिथून घेतले. स्की, बूट आणि हेल्मेट प्रशिक्षकांनी आणली होती. लहान मापाची हेल्मेट हवीत, हे मी फोनवर तीनदा सांगून ठेवलं होतं. हा आग्रह कुणीही सोडू नये. आपली सायकलची हेल्मेट या कामासाठी बनवलेली नसतात.

पहिली अडचण बुटांपाशीच आली. सासूबाईंनी सातही मुलांसाठी लोकरीचे मोजे विणून दिले होते, जाडजूड, मायेचे. मी प्रत्येकाला आधी साधे मोजे आणि वर ते, असे दोन-दोन जोड चढवले होते. थोरले प्रशिक्षक गुडघ्यावर बसून एकेकाचा बूट बंद करत होते. माझ्या मुलीपाशी आल्यावर थांबले. म्हणाले, "एक ही जुराब." स्कीचा बूट आतून पायाला घट्ट बसावा लागतो, म्हणजे पाय वळला की स्की वळते. दोन मोजे घातले की पाय आत सरकतो, शिवाय दाबला जाऊन रक्त नीट फिरत नाही आणि तो जास्तच गार पडतो. म्हणजे ऊब मिळावी म्हणून केलेल्या गोष्टीनंच गारठा वाढणार होता. मी तिथल्या तिथं सगळ्यांचे मोजे उतरवले. सासूबाईंचे मोजे मुलांनी रात्री खोलीत घातले आणि तिथं ते खरोखर उपयोगी पडले.

मग बाइंडिंग. बूट स्कीला जिथं अडकतो तो खटका. पडल्यावर पाय पिळवटला जाण्याआधी बूट त्यातून सुटला पाहिजे, आणि साध्या हिसक्याला सुटताही कामा नये. त्याचा ताण स्क्रूनं कमीजास्त करतात. त्यासाठी मुलाचं वजन, उंची, वय आणि बुटाच्या तळाची लांबी लागते. अकरा वर्षांच्या मुलीनं सगळ्यांसमोर लाजून वजन चार किलो कमी सांगितलं होतं. तिच्या आईनं हळूच बाजूला जाऊन खरा आकडा दिला. मुलांना हे आधीच घरी सांगून ठेवावं: तिथं वजन विचारतात ते पाय मोडू नये म्हणून.

धडा सुरू झाला. पहिला अर्धा तास एकाच पायात स्की घालून सपाटीवर स्कूटरसारखं ढकलत फिरायचं. मग दोन्ही स्की घालून उताराला आडवं उभं राहून पायऱ्या चढल्यासारखं एकेक पाऊल वर. इथं आमची मुलं चटकन पुढं गेली. उताराला आडवं उभं राहणं हे यवतेश्वरच्या पोरांना काय शिकवायचं! थोरल्यांनी धाकट्याकडे बघून मान डोलावली, ते मी पाहिलं आणि मला बरं वाटलं.

मग घसरत थांबायला शिकायचं. स्कीचे शेंडे जवळ आणायचे, शेपट्या बाहेर ढकलायच्या, म्हणजे दोन्ही स्कींच्या आतल्या कडा बर्फात रुततात आणि वेग मरतो. जगभर मुलांना हे 'पिझ्झा' म्हणून शिकवतात. धाकटा म्हणाला, "पिज्जा बनाओ." सात वर्षांच्या मुलीनं खाली आपल्या स्कींकडे बघितलं आणि ओरडली, "हा तर चतकोर!" खरंच, भाकरीचा चतकोर. त्यानंतर तिन्ही दिवस उतारावर चतकोर हाच शब्द चालला. दुपारपर्यंत धाकटा प्रशिक्षकही "चतकोर, चतकोर" करायला लागला होता.

इथून पुढं बिनसलं. उतार लहानसा होता, कोरेगावच्या शेताच्या बांधापेक्षा थोडा जास्त. आम्ही सहा पालक वरच्या बाजूला, मुलं जिथून निघत होती तिथंच, कडेला उभे होतो. माझी मुलगी निघाली, वेग आला, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "मागं रेल!" ती मागं रेलली. स्की तिच्या खालून पुढं निसटल्या आणि ती पाठीवर पडली. पुन्हा वर आली, पुन्हा निघाली. खालून थोरले सांगत होते, "आगे झुको, घुटने आगे." वरून मी आणि करंज्याच्या ताई सांगत होतो, "मागं, मागं!" पाचव्या-सहाव्या वेळेपासून ती निघायच्या आधीच वळून माझ्याकडे बघायला लागली. दहाव्यानंतर रडायला लागली. माझा तेरा वर्षांचा मुलगा तीन वेळा पडला. तिसऱ्या वेळी सात वर्षांची चिमुरडी त्याच्या शेजारून चतकोर करत सुळकन खाली गेली. त्यानं बूट काढले आणि तो निघून गेला. दोन तास संपले तेव्हा सातांतल्या दोघांनाच थांबता येत होतं. थोरले आमच्याशी अतिशय सभ्यपणे वागले. "पहला दिन है," एवढंच म्हणाले.

चित्रणात काय दिसलं

कोरेगावच्या दादांनी सगळं चित्रण केलं होतं. मुलं झोपल्यावर आम्ही मोठी माणसं ते बघायला बसलो. बघण्यापेक्षा ऐकायला बसलो म्हणावं, कारण खरी गोष्ट आवाजात होती. प्रत्येक वेळी तोच क्रम. मुलगी निघते, पुरुषाचा आवाज "आगे", बाईचा आवाज "मागं", मुलगी पडते. तो बाईचा आवाज माझा होता. तिसऱ्यांदा ऐकताना मला खोलीतून उठून जावंसं वाटलं.

मागं रेलल्यावर नेमकं काय होतं, ते मी दुसऱ्या दिवशी थोरल्यांकडून नीट समजून घेतलं. स्कीला दिशा आणि आवर घालण्याचं काम मुख्यतः तिचा पुढचा भाग करतो. बूट मुद्दाम पुढं कललेला बनवलेला असतो. नडगी बुटाच्या जिभेवर दाबली की वजन पुढच्या भागावर जातं, कडा रुततात, चतकोर धरतो. मागं रेललं की वजन शेपटीवर जातं, शेंडे हलके होतात, त्यांची बर्फावरची पकड सुटते आणि स्की वेग घेते. वेग वाढला की भीती वाढते, भीती वाढली की अंग आणखी मागं जातं. मुरमावर आपण बुटाचा तळ जमिनीत रोवून थांबतो, तिथं मागं रेलणं चालून जातं. बर्फावर स्कीचा तळ रोवलाच जात नाही, तो घसरण्यासाठीच गुळगुळीत आणि मेण लावलेला असतो. सह्याद्रीनं शिकवलेली शहाणी सवय इथं बरोबर उलटी पडत होती. थोरले म्हणाले की भीतीनं मागं झुकणं सगळ्याच नवशिक्यांचं होतं. आमच्या मुलांच्या बाबतीत भीतीला आईचा पाठिंबाही होता, एवढाच फरक.

दुसरी गोष्ट नजरेची. वळून वर बघितलं की मान वळते, मानेमागून खांदा वळतो, वजन एका पायावर जातं, आणि ज्या पायावर वजन जास्त त्याच्या उलट दिशेला स्की वळते. डाव्या पायावर भार दिला की उजवीकडे. मुलं सरळ खाली जायला निघत होती आणि आमच्याकडे बघताना वाकडी होऊन पडत होती.

त्यातल्या घरशाळेच्या भागावर आमचं सगळ्यात जास्त बोलणं झालं. शाळेत जाणाऱ्या मुलाला अनोळखी शिक्षकाचं ऐकायची सवय असते, मग ती चांगली म्हणा की वाईट. आमच्या मुलांना प्रत्येक गोष्टीत आई-बाबा हेच शेवटचं प्रमाण. पोहणं मी शिकवलं, सायकल बाबांनी, भागाकार मी. कधी बाहेरचं कुणी शिकवायला आलं तरी आम्ही शेजारी बसलेले. तेव्हा उतारावर दोन उलट सूचना एकदम आल्या की मूल कुणाचं ऐकणार, हे ठरलेलंच होतं. तिनं आज्ञाधारकपणे माझं ऐकलं आणि आज्ञाधारकपणे चौदा वेळा पडली. मला या गोष्टीचा फार त्रास झाला. मूल स्वतः विचार करायला शिकावं म्हणून आपण शाळेबाहेर राहिलो, असं मी सगळ्यांना सांगत असते.

रात्री साडेअकराला आम्ही तीन मतांवर आलो. कोरेगावच्या दादा-वहिनींचं म्हणणं, आपण उतारावर जायचंच नाही. माझं म्हणणं, जायचं नाही, पण ते मुलांना सकाळी उठल्यावर नीट सांगून, कारणासकट. गुपचूप गायब झालो तर त्यांना ते शिक्षेसारखं वाटेल. करंज्याच्या ताई कबूल नव्हत्या. "माझा सहा वर्षांचा आहे. अनोळखी प्रदेश, अनोळखी भाषा, आणि मी त्याला सांगू की मी दिसणार नाही? माझ्याच्यानं नाही होणार." आम्ही त्यांना समजवायचा प्रयत्न केला. आज वाटतं, करायला नको होता.

दुसरी सकाळ

नाश्त्याला चित्रण मुलांना दाखवलं, आवाजासकट. मी म्हटलं, "सर पुढं म्हणत होते आणि मी मागं म्हणत होते. सर बरोबर होते. मला बर्फातलं काही येत नाही." माझी मुलगी बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "मग तू ओरडलीस का?" मी म्हटलं, "घाबरले म्हणून." तिला हे उत्तर पटलं की नाही, मला अजून माहीत नाही. मग तिनं विचारलं, "तू नसलीस तर कधी बसायचं ते कोण सांगणार?" हा प्रश्न मी थोरल्यांना तसाच सांगितला. त्यांनी तिला बोलावून घेतलं आणि सांगितलं की बसायचंच नाही. वेग जास्त वाटला तर चतकोर मोठा करायचा, आणि पडायचंच झालं तर बाजूला, डोंगराच्या अंगाला पडायचं. पडल्यावर आधी दोन्ही स्की उताराला आडव्या आणायच्या, म्हणजे पाणी ओतलं तर जिकडे वाहील त्या रेषेला आडव्या, आणि मग उठायचं. तिनं ते दोनदा सपाटीवर करून पाहिलं. तिच्या प्रश्नाला कुणीतरी पूर्ण उत्तर दिलं होतं, आणि ते कुणीतरी मी नव्हते.

आम्ही पाच जण चहाच्या टपरीवर गेलो. तिथून उतार दिसत नव्हता. हे दोन तास माझ्यासाठी फार लांब होते, त्याबद्दल जास्त लिहीत नाही.

ताई आमच्याबरोबर निघाल्या खऱ्या, पण वळणापर्यंतच. मागून त्यांच्या मुलाचं रडणं ऐकू आलं आणि त्या परत फिरल्या. पुढचं त्यांच्याकडून कळलं, आणि माझ्या मते या प्रकरणातली सगळ्यात मोलाची गोष्ट तीच. धाकट्या प्रशिक्षकानं त्यांना परत पाठवलं नाही. त्यानं त्यांना उताराच्या खाली नेऊन उभं केलं, बरोबर मुलाच्या समोर, आणि सांगितलं, हात पसरून उभ्या राहा, बोलू नका. मग तो स्वतः मुलाच्या पुढ्यात उलटा, पाठ खाली करून उभा राहिला, मुलाच्या स्कीचे शेंडे हातांनी जवळ धरले आणि त्याला हळूहळू खाली आणलं. मुलाची नजर आईवर, आई समोर आणि खाली. आईकडे जायचं तर अंग पुढंच जाणार. तिसऱ्या फेरीला त्यानं शेंडे सोडून दिले आणि मूल आपलं आपण आईच्या हातांत येऊन थांबलं.

मी हे टपरीवर ऐकलं तेव्हा आदल्या रात्रीचा आमचा सगळा वाद डोळ्यांसमोर आला. आम्ही 'पालक असावेत की नसावेत' यावर भांडत होतो. ताई तिथं असूनच काम झालं होतं. आदल्या दिवशी आम्ही उभे होतो चुकीच्या जागी, मुलांच्या पाठीमागं आणि वर, आणि बोलत होतो. त्या तरुण मुलानं आईची जागा बदलली आणि तिला गप्प केलं. मोठ्या मुलांना आम्ही दूर गेल्याचा फायदाच झाला, यात शंका नाही. सहा वर्षांच्या मुलाला दुसरं काहीतरी हवं होतं आणि ते त्याच्या आईला आमच्यापेक्षा जास्त कळत होतं.

माझी मुलगी त्या दिवशी पाच वेळा पडली. चौथ्या फेरीत स्वतः थांबली आणि शेवटच्या दोन फेऱ्यांत वळलीसुद्धा. मी ते पाहिलं नाही. तिनं मला ते खोलीतल्या फरशीवर मोजे घालून करून दाखवलं, नडगी पुढं दाबून.

तेरा वर्षांचा

माझा मुलगा तिन्ही दिवसांत परत स्कीवर चढला नाही. मी मनधरणी केली नाही, पण यातली चूक मला दिसते आहे. आम्ही सात मुलांचा एकच गट केला होता, कारण आमच्या घरशाळेत सगळ्या वयांची मुलं एकत्रच शिकतात आणि आम्हाला त्याचा अभिमान आहे. गणितात, शेतात, स्वयंपाकघरात ते सुरेख चालतं. पण तेरा वर्षांच्या मुलाची उंची नुकतीच वाढलेली, तोल बदललेला, आणि पडायचं उंचीवरून. सहा-सात वर्षांचं मूल जमिनीलगत असतं, पडलं तरी उशीवर पडल्यासारखं. त्याला लहानांसमोर पडायला लावणं बरोबर नव्हतं. त्याचा आणि बारा वर्षांच्या मुलाचा वेगळा तास, नाहीतर सरळ मोठ्यांबरोबर धडा ठेवायला हवा होता. दोन प्रशिक्षक होते, सहज जमलं असतं.

उरलेले दोन दिवस तो भाड्याच्या स्कीच्या शेडमध्ये बसला. तिथल्या माणसानं त्याला कडेला कानस कशी मारतात ते दाखवलं, मेण कसं वितळवून लावतात आणि खरवडून काढतात ते दाखवलं. बर्फाच्या पृष्ठभागावर पाण्यासारखा एक अतिशय पातळ थर असतो आणि घर्षणाच्या उबेनं त्यात भर पडते, म्हणून स्की घसरते, हे तो घरी वाचून आला होता. मेणाची गरज काय, हे त्याला तिथं हातानं कळलं. त्यानं दोन दिवसांत बारा जोड्यांना मेण लावलं. निघताना त्या माणसानं त्याला जुनी बोथट कानस दिली. ती आता आमच्या पुस्तकांच्या कपाटात आहे.

तिसरी सकाळ

तिसऱ्या दिवशी मी स्वतः धडा घेतला. थोरल्यांबरोबर, मुलांपासून लांब, उताराच्या दुसऱ्या टोकाला. चाळीस वर्षांच्या अंगाला पुढं झुकायला सांगणं म्हणजे काय, ते मला तेव्हा कळलं. समोर उतार खाली पडतो आहे आणि कुणीतरी सांगतंय की छाती तिकडेच न्या. माझ्या वडिलांचा आवाज कानात स्पष्ट येत होता. नडग्या बुटाच्या जिभेवर घासून लाल झाल्या. नवव्या की दहाव्या फेरीला मी तीसेक फूट चतकोर धरून गेले आणि थांबले. वर बघितलं, मुलीनं पाहिलं का म्हणून. ती पलीकडच्या उतारावर आपल्या ओळीत उभी होती, थोरल्यांनी काल दिलेली वळणं गिरवत. तिनं दोन तासांत माझ्याकडे एकदाही बघितलं नाही.

जाणाऱ्यांसाठी थोडं व्यवहाराचं. आम्हाला रेल्वे, बस, राहणं, धडे आणि भाडं धरून माणशी अठरा हजारांच्या आसपास खर्च आला, स्लीपरनं आणि घरगुती खोल्यांत राहून. जीन्स अजिबात नको, भिजली की मूल संपलं. हातमोज्यांचे दोन जोड घ्या, एक दहा वाजेपर्यंत ओला होतोच. बर्फावरून ऊन परत उसळतं, ताजा बर्फ तर अतिनील किरणांचा मोठा भाग परत फेकतो. म्हणून गॉगल आणि मलम ढगाळ दिवशीही लागतंच, हनुवटीखाली आणि नाकपुड्यांपाशीसुद्धा. आमच्यातल्या दोघांचे ओठ फुटले, तिथं आम्ही विसरलो होतो. खायला गूळ-शेंगदाणे आणि मेथीचे लाडू उत्तम. भडंग हातमोज्यांनी खाता येत नाही. कंदी पेढे थंडीत दगडासारखे होतात. दोन्ही प्रशिक्षकांनी ते चहात बुडवून खाल्ले आणि अजून आहेत का विचारलं.

पुढच्या फेब्रुवारीत तीन कुटुंबं पुन्हा जाणार आहेत. ताई येणार आहेत. माझा मुलगा येईन म्हणतो, शेडमध्ये. पण मधल्या काळात आम्ही एक गोष्ट बदलली. बुधवारी मुलं तबला शिकायला शाहूपुरीत जातात, आणि आम्ही त्यांना सोडून घरी येतो. शेजारी बसत नाही.

मार्चमध्ये सगळे यवतेश्वरला गेलो होतो. उतरताना मुरमाचा एक घसारा लागला. मी आधी उतरले आणि खाली जाऊन उभी राहिले. माझी मुलगी वर थांबली. तिनं नडगी पुढं दाबून एक पाऊल टाकलं आणि बूट सरकला. परत वर गेली, मागं रेलून एक पाऊल टाकलं, बूट धरला. असं तिनं तीन-चार वेळा केलं, मागं मुलांची रांग खोळंबली तरी. मग मागच्या सहा वर्षांच्या मुलाला सांगितलं, "इथं मागंच. तिकडं पुढं." तो म्हणाला, "मला माहितीये," आणि बसून घसरत खाली आला.